स्किमर बसवायला एक तास, जुळवायला पंधरा दिवस: मरीन टँक सर्व्हिसमधलं खरं कमाईचं काम



या वेळच्या व्हिडिओत आपण जरा हटके व्यवसाय बघितला. खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय, म्हणजे मरीन टँक, त्याची देखभाल करून देण्याचा. व्हिडिओत सगळं मावत नाही, म्हणून त्यातलं एकच काम इथे सविस्तर लिहितोय: प्रोटीन स्किमर बसवणं आणि जुळवणं.

एवढ्या सगळ्या कामांतून हेच का? कारण या धंद्यात नवीन माणूस पैसे घालवतो तो इथेच. तो स्किमर एका दुपारी बसवतो, बिल करतो, घरी जातो. मग पंधरा दिवस ग्राहकाचे फोन येत राहतात. "फेसच येत नाहीये." "कप भरून वाहतोय." "फरशीवर पाणी आलंय." प्रत्येक फोनला धावायचं, आणि तेही फुकट. मशीन खराब नसतं, कामही चुकलेलं नसतं. स्किमर हे यंत्रच असं आहे की ते जुळायला वेळ घेतं. तो वेळ तुम्ही दरपत्रकात धरला नाही, तर तो तुमच्या खिशातून जातो.

म्हणून आधी हे यंत्र नीट समजून घेऊ, मग हिशोब करू.

स्किमर करतो तरी काय?

गुऱ्हाळ बघितलंय ना? काहिलीत रस उकळायला लागला की वर मळी येते आणि गुळव्या ती झाऱ्याने काढत राहतो. मळी वेळेत निघाली तर गूळ स्वच्छ. स्किमरचं कामही तसंच आहे. फरक इतकाच की इथे उष्णता नसते, इथे हवेचे बुडबुडे असतात.

टँकमध्ये मासे खातात, विष्ठा टाकतात, अंगावरचा बुळबुळीत थर सोडतात, उरलेलं खाणं कुजतं. यातून पाण्यात सेंद्रिय पदार्थ विरघळतात. त्यातल्या बऱ्याच पदार्थांच्या रेणूंना दोन टोकं असतात. एक टोक पाण्याला धरून राहतं आणि दुसरं पाण्यापासून पळतं. असा रेणू पाणी आणि हवा जिथे भेटतात तिथे जाऊन चिकटतो. स्किमरच्या नळकांड्यात लाखो बारीक बुडबुडे सोडले की चिकटायला भरपूर जागा मिळते. बुडबुडे वर चढतात, अरुंद मानेत त्यांचा फेस होतो, फेसातलं पाणी निथळून खाली जातं आणि घाण घेऊन फेस वरच्या कपात पडतो. पावसाळ्यात समुद्रकिनाऱ्यावर लाटांबरोबर पिवळसर फेस साठतो, तोही याच जातीचा.

हे खाऱ्या पाण्यातच नीट जमतं. मीठ असलेल्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात, एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत. गोड्या पाण्याच्या टँकला "स्किमर लावून द्या" असं कोणी म्हणालं, तर प्रामाणिकपणे सांगा की त्याचा उपयोग होणार नाही. एक विक्री जाईल, पण विश्वास राहील.

स्किमरचा मोठा फायदा म्हणजे तो घाण कुजायच्या आधी बाहेर काढतो. एकदा ती कुजली की अमोनिया, मग नायट्राइट, मग नायट्रेट अशी साखळी सुरू होते. तयार झालेला नायट्रेट स्किमर काढू शकत नाही. शिवाय पाण्यात हवा भरपूर मिसळते, म्हणजे प्राणवायूही वाढतो.

ग्राहकाला किती आश्वासन द्यायचं?

अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन यांनी २००९ च्या सुमारास वेगवेगळ्या स्किमरची मोजमापं घेतली होती. निष्कर्ष असा की स्किमर पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी साधारण २० ते ३० टक्केच काढू शकतो. आणि तपासलेल्या मॉडेलांमध्ये या बाबतीत फार मोठा फरक दिसला नाही.

यातून आपल्यासाठी दोन धडे. पहिला: "हा स्किमर लावला की पाणी बदलायची गरज नाही," असं कधीही म्हणू नका. पाणी बदलणं चालूच राहणार, आणि त्याचंच तर तुम्ही महिन्याचं बिल करणार आहात. दुसरा: महागडा ब्रँड गळ्यात मारू नका. ग्राहकाच्या टँकला मापात बसणारा, सुटे भाग मिळणारा, आवाज कमी करणारा स्किमर निवडा. नीट जुळवलेला मध्यम किमतीचा स्किमर हा न जुळवलेल्या महाग स्किमरपेक्षा केव्हाही बरा.

माप कसं काढायचं?

टँकचं पाणी मोजायला सोपा हिशोब: लांबी, रुंदी, उंची फुटांत गुणा आणि २८.३ ने पुन्हा गुणा. ४ × २ × २ फुटांचा टँक म्हणजे १६ घनफूट, म्हणजे साधारण ४५० लिटर. त्यातून दगड आणि वरची रिकामी जागा वजा करा, संपमधलं पाणी मिळवा.

(संप म्हणजे टँकखालच्या कपाटातली दुसरी टाकी. ग्राहकाला पहिल्यांदा सांगताना "खालची टाकी" म्हणा, नाहीतर तो विचारेल कोण संपावर गेलंय!)

स्किमरच्या खोक्यावर लिहिलेला आकडा बहुधा हलक्या भाराच्या टँकसाठी असतो. मासे भरपूर असतील आणि खाणं दिवसातून तीनदा पडत असेल, तर एक पायरी मोठा घ्या. पण फार मोठाही नको. मोठ्या स्किमरला फेस धरून ठेवायला तेवढी घाणच मिळाली नाही, तर फेस मानेपर्यंत चढतच नाही. ग्राहक म्हणतो, "एवढा महाग घेतला आणि कप कोरडा!"

बसवताना: सहा गोष्टी

१. आधी धुवा. नव्या स्किमरवर कारखान्यातलं तेल आणि प्लास्टिकचा थर असतो. बादलीत पाणी आणि पांढरं व्हिनेगर घालून तासभर चालवा, मग साध्या पाण्याने खळखळून धुवा. साबण अजिबात नको. साबणाचा अंश राहिला तर कप तासाभरात वाहील.

२. कप्पा निवडा. संपमध्ये ज्या कप्प्यात पाण्याची पातळी दिवसभर तीच राहते, तिथे स्किमर ठेवा. बाष्पीभवनाने पातळी खालीवर होते ती शेवटच्या, रिटर्न पंपाच्या कप्प्यात. तिथे ठेवलेला स्किमर रोज वेगळा वागेल आणि तुम्ही कायम व्हॉल्व्ह फिरवत बसाल.

३. खोली बघा. प्रत्येक मॉडेल किती सेंटीमीटर पाण्यात उभं करायचं ते माहितीपत्रकात असतं. पाणी जास्त खोल असेल तर खाली अॅक्रिलिकचा स्टँड द्या. अंदाजाने ठेवू नका, पट्टी लावून मोजा.

४. पाणसळ लावा. स्किमर तिरका असेल तर फेस एका बाजूने चढतो. गवंड्याची छोटी पाणसळ पिशवीत असू द्या. खाली रबराचं किंवा सिलिकॉनचं पातळ मॅट टाका, म्हणजे कपाट घुमणार नाही.

५. हवेची नळी. नळीचं तोंड पाण्याच्या पातळीच्या बरंच वर, मोकळ्या हवेत असू द्या. बंद एसी खोलीत माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड वाढतो, तीच हवा स्किमर ओढतो आणि पाण्याचा पीएच उतरतो. जमत असेल तर नळी खिडकीपर्यंत न्या.

६. वीज. खारं पाणी आणि वीज यांची गाठ जीवघेणी असते. प्रत्येक वायर प्लगच्या खाली एक वळसा घेऊन मग वर जाऊ द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी वळशाच्या तळाशी थेंबून पडेल, प्लगमध्ये जाणार नाही. त्या लाइनवर ईएलसीबी किंवा आरसीसीबी नसेल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवायला सांगा. ग्राहक "नंतर बघू" म्हणाला तर तुम्हीही काम नंतर करा. इथे सवलत नाही.

शेवटी संपच्या काचेवर मार्करने पाण्याच्या योग्य पातळीची रेघ मारा. पुढच्या निम्म्या तक्रारी ही रेघ सोडवते. फोनवर फक्त विचारायचं, "पाणी रेघेच्या वर आहे की खाली?"

जुळवताना: हात आवरा

आता खरा भाग. पहिल्या दिवशी हवेचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. पाणी बाहेर जाण्याचा व्हॉल्व्हही पूर्ण उघडा, म्हणजे नळकांड्यातली पातळी सर्वात खाली राहील. आणि मग... काही करू नका. नवा स्किमर पहिले काही दिवस वेड्यासारखा वागतो. कधी बुडबुडे उसळतात, कधी काहीच नाही. आतल्या भिंतींवर सूक्ष्म जिवांचा पातळ थर बसेपर्यंत हे चालतं. कधी तीन दिवस, कधी दोन आठवडे.

उसळी थांबली की बाहेरचा व्हॉल्व्ह अगदी थोडा बंद करा. घड्याळाचा काटा पाच-सात मिनिटं सरकतो तेवढाच. आतली पातळी चढेल. आता २४ तास थांबा. दुसऱ्या दिवशी बघा, गरज असेल तर पुन्हा तेवढंच. एकदम दोन गोष्टी बदलू नका. हवाही फिरवली आणि पाणीही फिरवलं, तर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

कुठे थांबायचं? नळकांड्यातलं खळखळणारं, बुडबुड्यांनी पांढरं झालेलं पाणी जिथे संपतं आणि वरचा घट्ट फेस जिथे सुरू होतो, ती रेषा मानेच्या पायथ्याशी आली पाहिजे. तिथून वर फेस सावकाश, शांतपणे चढला पाहिजे.

कपात काय पडतंय ते रंगावरून ओळखा. फिकट, पातळ, कोऱ्या चहासारखं पाणी पडत असेल तर त्याला ओलं स्किमिंग म्हणतात. घट्ट, काळपट, नाकाला झोंबणाऱ्या वासाचं पडत असेल तर कोरडं स्किमिंग. आतली पातळी वर तर ओलं, खाली तर कोरडं. बहुतेक टँकना मधली अवस्था, कडक चहाच्या रंगाची, सोयीची पडते. मासे जास्त असतील तर थोडं ओल्याकडे झुकवा.

पण ओल्या स्किमिंगची एक छुपी किंमत आहे. समजा ३०० लिटरच्या टँकमधून रोज ३०० मिलिलिटर खारं पाणी कपात जातंय आणि ऑटो टॉप-अप त्या जागी गोडं आरओ पाणी भरतोय. महिन्यात ९ लिटर खारं पाणी गेलं आणि तेवढंच गोडं आलं. म्हणजे ३ टक्के मीठ गेलं. लिटरला ३५ ग्रॅम असलेला खारटपणा महिन्यात ३४ च्या आसपास येतो. कोणाच्या लक्षातही येत नाही. तीन-चार महिन्यांनी कोरल मिटायला लागतं आणि दोष दिव्यांवर जातो. म्हणून प्रत्येक भेटीत रिफ्रॅक्टोमीटरने खारटपणा मोजायचा आणि वहीत लिहायचा.

फोन आला तर आधी काय विचारायचं?

"फेस अचानक बसला!" आधी विचारा, आत्ता खाणं टाकलंत का? टँकमध्ये हात घातलात का? खाण्यातलं आणि हातावरचं तेल फेस मोडतं. काही तासांत तो आपोआप परत येतो. अशा वेळी व्हॉल्व्ह फिरवला, तर रात्री फेस परत येतो आणि कप वाहतो.

"हळूहळू फेस कमी होत गेला." हवेच्या नळीच्या आतल्या टोकाला मीठ साचलं असणार. स्किमर चालू असताना नळीतून कपभर कोमट आरओ पाणी ओढू द्या. तरी फरक नाही तर पंप उघडून चक्रीवरचा चुन्याचा थर बघा.

"कप अचानक वाहतोय." नवीन औषध घातलं? पाण्याचं कंडिशनर? दगड चिकटवायची पुट्टी वापरली? हाताला क्रीम किंवा साबण होता? यातल्या कशानेही फेस बेफाम होतो. कप काढून ठेवायला सांगा किंवा पातळी खाली करा. दिवसभरात शांत होतं. मात्र यातलं काहीच नसेल, तर एखादा मासा दगडामागे मेलाय का ते शोधायला लगेच जा.

"पेस्ट कंट्रोलवाले येणार आहेत." हा फोन सर्वात महत्त्वाचा, आणि ग्राहक बहुतेक तो करतच नाही! स्किमर खोलीतली हवा ओढून पाण्यात घोळवतो. कीटकनाशकाचा फवारा, रंगाचा वास, रूम फ्रेशनर, सगळं थेट पाण्यात. कोळंबी-खेकड्यासारखे प्राणी तर कीटकांचेच नातेवाईक, त्यांच्यावर ते विष आधी चालतं. फवारणीआधी स्किमर बंद, टँकवर झाकण, आणि खोली पूर्ण हवेशीर झाल्यावरच चालू. ही ओळ तुमच्या करारपत्रात हवीच.

लाइट गेली तर?

आपल्याकडे हा प्रश्न येणारच. ४ × २ फुटांच्या टँकमधून वीज गेल्यावर फक्त एक इंच पाणी खाली उतरलं, तरी साधारण १८ लिटर पाणी संपमध्ये येतं. म्हणून संपमध्ये तेवढी जागा कायम रिकामी हवी. बसवून झाल्यावर ग्राहकासमोर मेन स्विच बंद करून दाखवा. संप काठोकाठ भरूनही सांडला नाही, तर तुमचं काम पास.

आता खरी गंमत वीज परत येते तेव्हा. १८ लिटरने संपची पातळी, त्याच्या आकारानुसार, पाच-सहा सेंटीमीटर चढलेली असते. रिटर्न पंपाला ते पाणी वर न्यायला काही मिनिटं लागतात, पण स्किमर मात्र क्षणात सुरू होतो. जास्त खोल पाण्यात सुरू झालेला स्किमर कप भरून टाकतो. रात्री तीनला वीज येते आणि सकाळी ग्राहकाची फरशी खारट, घाणेरड्या पाण्याने भरलेली.

यावर उपाय स्वस्त आहे. स्किमरच्या प्लगला दहा मिनिटं उशिरा चालू होणारा टाइमर लावा. कपाची ड्रेन नळी झाकणाच्या वेगळ्या डब्यात सोडा आणि डबा भरला की स्किमर बंद करणारा फ्लोट स्विच बसवा. इन्व्हर्टरची जोडणी मर्यादित असेल तर पहिला मान रिटर्न किंवा लाटा निर्माण करणाऱ्या पंपाला, स्किमरला नंतर. काही तास स्किमर बंद राहिला तर बिघडत नाही. पाणी हलायचं थांबलं तर मासे गुदमरतात.

आता धंद्याचा हिशोब

आकडे समजण्यासाठी आहेत, तुमच्या शहराचे घाला. समजा एका भेटीला प्रवास १०० रुपये आणि दोन तास वेळ, तासाला २०० रुपये. म्हणजे भेटीचा खर्च ५०० रुपये.

पहिली पद्धत: "स्किमर फिटिंग १,५०० रुपये." पहिल्या दिवशी वाटतं १,००० सुटले. पुढच्या पंधरा दिवसांत चार फोन, चार भेटी, २,००० खर्च. शेवटी १,००० रुपये तोटा, वर ग्राहक म्हणतो, "यांना नीट जमत नाही वाटतं."

दुसरी पद्धत: "स्किमर बसवणं आणि जुळवणं, १५ दिवस, पाच भेटी, ४,००० रुपये." पाच भेटींचे २,५००, व्हिनेगर, नळी, ग्रीस वगैरे ३००. हातात १,२०० राहिले. काम तेच, भेटी त्याच. पण आता तुमच्या येण्याला तक्रार चिकटलेली नाही, ते वेळापत्रक झालं. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात तर ग्राहक म्हणतो, "सांगितलं होतं तसे आले."

भेटी अशा ठेवा: पहिला दिवस बसवणं, तिसरा दिवस फक्त बघणं आणि कप धुणं, सातव्या दिवशी पातळी वाढवणं, अकराव्या दिवशी बारीक फरक, पंधराव्या दिवशी सगळी मोजमापं आणि हवाली करणं. मधल्या दिवशी ग्राहकाकडून कपाचा फोटो मोबाइलवर मागवा. फोटो बघून बारीक फरक करायचा झाला, तर कोणत्या बाजूला किती फिरवायचं ते फोनवरच सांगता येतं.

आणि पंधराव्या दिवशीच वार्षिक कराराचं बोला. टँक सुंदर दिसतोय, कपात कडक चहा पडतोय, ग्राहक खूश आहे. यापेक्षा चांगला मुहूर्त कुठला?

करारात स्किमरची एवढी कामं लिहा: दर भेटीत मान आणि कप धुणं, पंधरा दिवसांनी हवेची नळी साफ करणं, तीन ते सहा महिन्यांनी पंप सोडवून व्हिनेगर किंवा सायट्रिक अॅसिडच्या पाण्यात भिजवणं, रबर रिंगला सिलिकॉन ग्रीस. लिहिलेलं काम दिसतं, न लिहिलेलं फुकट जातं.

मावशींसाठी कार्ड

क्लिनिकमध्ये किंवा घरी टँकजवळ रोज असतात त्या मावशी किंवा ऑफिसबॉय. डॉक्टरसाहेब नसतात. म्हणून कपाटाच्या दाराला आतून एक कार्ड लावा, साध्या मराठीत:

- कप अर्धा भरला की रिकामा करा. फक्त पाण्याने धुवा, साबण नको.
- पाणी काळ्या रेघेच्या खाली गेलं तर फोन करा.
- कुठलंही बटण, नळी, व्हॉल्व्ह फिरवू नका.
- फवारणी किंवा रंगकाम असेल तर आदल्या दिवशी कळवा.
- फरशीवर पाणी दिसलं तर आधी मेन स्विच बंद, मग फोन.

मावशींना एकदा कप काढून, धुवून, परत लावून दाखवा. आणि त्यांनाही "काही वाटलं तर बिनधास्त फोन करा" असं सांगा. या धंद्यात पहिली धोक्याची सूचना त्याच देतात.

कायद्याची रेघ, ही कधीच ओलांडू नका

रीफ टँक म्हटलं की ग्राहक मोबाइलवर परदेशातले रंगीत कोरल दाखवतो आणि म्हणतो, "असं पाहिजे." इथे थांबा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत सर्व कठीण प्रवाळ, काळं प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल आणि सी फॅन यांचा २००१ पासून समावेश आहे. समुद्री घोडेही त्यातच. वाघाला जे संरक्षण, तेच यांना. गुन्हा सिद्ध झाला तर किमान ३ वर्षं आणि ७ वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. किनाऱ्यावरून उचललेला मेलेला तुकडाही सुटत नाही. कठीण प्रवाळ आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स करारातही येतात, त्यामुळे "हे बाहेरचं आहे हो" एवढं बोलून भागत नाही, कागद लागतात.

कोणी दुकानदार बिलाशिवाय, कुजबुजत कोरल देऊ लागला तर हात जोडा आणि निघा. कागद नाही तर काम नाही, असं ग्राहकालाही सांगा. त्याच्या टँकमध्ये असं काही आधीपासून असेल, तर करार करण्याआधी वनविभागाकडे चौकशी करायला लावा.

मग धंदा कशावर? कृत्रिम दगडांचा, माशांचा मरीन टँक. क्लाउनफिशचं बंदिस्त प्रजनन आपल्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने, म्हणजे सीएमएफआरआयने, यशस्वी केलेलं आहे. म्हणजे समुद्रातून न पकडता, हॅचरीत जन्मलेले मासे मागता येतात. असे मासे टँकमध्ये रुळलेले असतात, तयार खाणं खातात आणि कमी मरतात. आणि स्किमरला काय, कोरल असो वा क्लाउनफिश, त्याचं काम तेच! उलट माशांचा टँक जास्त घाण करतो, म्हणजे स्किमर नीट जुळवणाऱ्या माणसाची गरज तिथे जास्त.

या आठवड्याचा गृहपाठ

ग्राहक शोधण्याआधी तीन गोष्टी करा.

एक: छोट्या टँकवर, स्वतःच्या किंवा ओळखीच्या, एक स्किमर सलग दोन महिने चालवा. रोज एक ओळ लिहा: तारीख, कपात किती, रंग कसा, खारटपणा, काय बदललं. दोन महिन्यांनी ही वही तुमचं सर्वात मोठं प्रमाणपत्र असेल. ग्राहकासमोर ती उघडून ठेवा, बोलायची फार गरज पडणार नाही.

दोन: तुमच्या एका भेटीचा खरा खर्च काढा. पेट्रोल, वेळ, पार्किंग, चहा, सगळं. मग १५ दिवसांच्या पॅकेजचं दरपत्रक एका पानावर बनवा.

तीन: वरचं मावशींचं कार्ड तुमच्या शब्दांत लिहून छापून घ्या. खाली तुमचं नाव आणि नंबर. हीच तुमची पहिली जाहिरात.

मित्रांनो, यंत्र बसवणारे गल्लोगल्ली मिळतात. बसवल्यावर चौथ्या दिवशी, न बोलावता, ठरल्याप्रमाणे येऊन "आज काही फिरवायचं नाही, छान चाललंय" असं सांगणारा माणूस मिळत नाही. ग्राहक पैसे त्याला देतो. तो माणूस तुम्ही व्हा.

चला, कामाला लागा. भेटू पुढच्या व्हिडिओत!